गावातल्या घरावर सोलर बसवायचं? पॅनेलच्या आधी बिलावरचं नाव बघा

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. घरावर २ किलोवॅटचं सोलर बसल्याला दुसरा उन्हाळा उलटला. तेव्हापासून दर आठवड्याला कोणी ना कोणी वसरीत येऊन बसतं आणि विचारतं, "काय काय करा लागते गा याच्यासाठी?" सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की माणसं अडकतात ती पॅनेल घरी यायच्या आधीच. बिलावरच्या नावात, मंजूर भारात (वीज कंपनीने घराला किती किलोवॅट मंजूर केलेत त्यात), नाहीतर छपरात. आम्हीही तिथेच चार महिने अडकलो होतो. ते चार महिने तुमचे वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतो आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. शेतातला सौर पंप आणि घरावरचं सोलर या दोन वेगळ्या योजना आहेत. पंपासाठी राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. तिचा अर्ज वेगळा आणि कागदही वेगळे, त्यात सातबारा लागतो. घरासाठी केंद्राची 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' आहे, ती फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाली आणि तिच्यात सोलरला अनुदान मिळतं. पुढचं सगळं या दुसऱ्या योजनेबद्दल आहे.

१. वर्षभराची बिलं काढून बसा

फक्त मे महिन्याचं बिल पाहून सोलरचा आकार ठरवू नका. विदर्भात घराची वीज वर्षभर सारखी लागत नाही. आमच्याकडे डिसेंबरला १५० युनिटही होत नसत आणि मे महिन्यात दोन कूलर, पंखे आणि फ्रिज मिळून ४५० च्या वर जात. बाराही महिन्यांची बेरीज करा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, जुनी बिलं सापडली नाहीत तरी चालतं. आमची बेरीज ३,३०० युनिट निघाली.

मोजायचं सोपं माप असं: १ किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यात ते बरंच खाली येतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये वर जातं.

इथे आपल्या भागाची एक गंमत वाटावी अशी, पण खरी गोष्ट आहे. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात पॅनेल सर्वात जास्त वीज देईल असं सगळ्यांना वाटतं. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता त्याला सोसत नाही. २५ अंशांच्या वर पॅनेल जसजसं तापतं तशी दर अंशामागे त्याची ताकद ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घटते. बाहेर ४५ अंश असताना पॅनेलचं अंग ६५ च्या पुढे जातं, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास वीज तिथेच गेली. आमच्या वहीत दोन्ही वर्षी मार्च मे महिन्याच्या पुढे आहे.

२. आधी घर थंड करा, मग किलोवॅट मोजा

ही पायरी कोणताही विक्रेता सांगणार नाही, कारण यात त्याचा फायदा नाही. माझ्या मते मात्र पैसे इथेच वाचतात.

आमच्याकडे तीन जुने पंखे होते, प्रत्येकी ७५ वॅटचे. उन्हाळ्यात ते दिवसाला पंधरा तास फिरतात. त्यांच्या जागी बीएलडीसी पंखे लावले, ते ३० वॅट खातात. एका पंख्यामागे ४५ वॅट वाचले. तीन पंखे आणि पंधरा तास धरले तर रोजची २ युनिट, महिन्याची ६०. अर्धा किलोवॅट सोलर जेवढी वीज बनवतं तेवढी तीन पंख्यांनी वाचवली. पंख्यांना साडेआठ हजार लागले. अर्ध्या किलोवॅटला त्याच्या कितीतरी पट लागले असते.

दुसरं काम स्लॅबचं. आपल्याकडचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत खाली खोलीत उष्णता सोडत राहतो. रात्री पंखा गरम हवा फेकतो असं जे वाटतं, ते त्यामुळेच. उपाय जुनाच आहे, चुना. कळीचा चुना रात्रभर विरवा, गाळून घ्या, पकड यावी म्हणून थोडा फेविकॉल घाला आणि झाडून-धुऊन वाळवलेल्या स्लॅबवर ब्रशने दोन हात मारा. पहिला हात वाळल्यावरच दुसरा. डोळ्यांत उडू देऊ नका, हातात मोजे घाला. फेब्रुवारीच्या शेवटी हे केलं की पूर्ण उन्हाळा निघतो. पावसाने धुपतो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो. स्लॅबला आधीच भेगा असतील तर त्या बुजवून मगच चुना मारा.

टिनाच्या घराला चुना पुरत नाही. तिथे टिनाखाली बांबूचे तट्टे किंवा जुन्या पद्धतीचं छत बांधून मध्ये वीतभर हवेची पोकळी ठेवली तर फरक पडतो. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतरचं ऊन येतं. तिच्यासमोर मांडव घालून दोडक्याचा किंवा गुळवेलीचा वेल चढवा. कवेलूचं आणि जाड मातीच्या भिंतींचं घर असेल तर केवळ हौसेपायी ते पाडू नका. सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची आहे. मे महिन्यात दुपारी तिच्यात जाऊन दहा मिनिटं बसा, बाहेरच्या आणि आतल्या हवेत काय फरक आहे ते अंगाला कळेल.

कूलर लावणाऱ्यांसाठी एक सांगणं. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने लावा आणि समोरची खिडकी किंवा दार बोटभर उघडं ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर कूलर चालूनही घाम येतो आणि माणूस तो आणखी जोरात चालवतो.

या सगळ्यानंतर आमचा वर्षाचा वापर २,६०० युनिटांवर आला. आधीच्या हिशेबाने आम्हाला ३ किलोवॅट लागलं असतं, आता २ किलोवॅट पुरलं.

३. बिलावर कोणाचं नाव आहे?

आमचं बिल आजोबांच्या नावाने येत होतं. आजोबा जाऊन तेरा वर्षं झाली होती. बिल वेळेवर भरत होतो, त्यामुळे नाव बदलायचं कोणाच्या मनातच आलं नाही. विदर्भातल्या गावांत निम्म्याअधिक घरांत हीच कथा ऐकायला मिळेल.

अर्ज बिलावरच्या नावाने होतो आणि अनुदान बँक खात्यात येतं. ही नावं जुळायला हवीत. म्हणून आधी हे करा:

- ग्रामपंचायतीत घराचा नमुना ८ काढा. त्यावरही जुनंच नाव असेल तर आधी तिथे वारसांची नोंद करून घ्या. यातच सर्वात जास्त दिवस जातात.
- मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं संमतीपत्र तयार ठेवा. बहिणींच्या सह्या लागतात. त्या लग्न होऊन लांब गेल्या असतील तर दिवाळी किंवा राखीला माहेरी येतील तेव्हाच हे काम उरकून घ्या.
- मग महावितरणकडे वीजजोडणीच्या नावात बदलाचा अर्ज करा. थकबाकी असेल तर ती आधी भरा.
- आधार, बँक पासबुक आणि बिल या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग तपासा. एकीकडे 'रामराव' आणि दुसरीकडे 'रामरावजी' असलं तरी फाइल परत येऊ शकते.

नाव बदलून पुढचं बिल नव्या नावाने हातात पडेपर्यंत सोलरचा अर्ज करू नका. मी घाई केली, अर्ज रद्द झाला आणि सगळं पुन्हा भरावं लागलं.

४. छत, सावली आणि वानरं

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा धरा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं आणि उतार वीस-एकवीस अंशांचा. आपण जवळपास तेवढ्याच अक्षांशावर आहोत.

सावली स्वतः पाहा, विक्रेत्यावर सोडू नका. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता छतावर जाऊन खडूने सावलीच्या रेघा मारा. हे थंडीत केलं तर उत्तम, कारण डिसेंबरमध्ये सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब पडतात. पाण्याची टाकी, शेजारचा कडुनिंब, डिशची छत्री, सगळं बघा. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्या ओळीतल्या बाकीच्या पॅनेलांची वीज खाली येते.

टिनाच्या छपरावर बसवता येतं, पण खालचे अँगल भक्कम आहेत का ते गावातल्या वेल्डरला दाखवा. मोठं पॅनेल पंचवीस-तीस किलोचं असतं आणि त्यावर वावधनाचा जोर येतो तो वेगळाच. सिमेंटच्या पत्र्यावर भोकं पाडू देऊ नका, ते तडकतात. कवेलूच्या घराला लोखंडी उंच मांडव उभारून त्यावर पॅनेल बसवणं हाच सरळ मार्ग.

वानरांचा उपाय फार थोडे लोक सांगतात. आमच्याकडे टोळी रोज सकाळी छतावरून जाते. पॅनेलची काच त्यांच्या वजनाने सहसा फुटत नाही, पण खाली लोंबणाऱ्या वायरी ती ओढतात. सगळी वायर पाइपात घालून क्लिपा मारून घ्या. एकही वायर हाताला लागेल अशी मोकळी ठेवू नका.

५. अर्ज आणि पैसे

अर्ज 'पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावरच करा. फोनवर येणाऱ्या लिंकवर आधार नंबर टाकू नका. मदतीसाठी १५५५५ हा क्रमांक आहे. लागणारे कागद थोडेच आहेत:

- नवीन नावाचं वीज बिल, त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक
- आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर
- पासबुक किंवा रद्द केलेला चेक
- नमुना ८ आणि छताचा फोटो

अनुदान असं आहे: १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, ३ किंवा त्याहून जास्त कितीही असलं तरी ७८ हजार. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्या घरांसाठी राज्याची 'स्मार्ट' योजना आणखी मदत देते. त्या घरांनी आधी तिची चौकशी करावी.

अनुदान काम पूर्ण होऊन मीटर लागल्यावर येतं. तोवर पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. आमचे एकूण १ लाख ३० हजार गेले, ६० हजार नंतर परत आले. हातात पैसे नसतील तर सरकारी बँकांत ३ किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी तारणाशिवाय, कमी व्याजाचं कर्ज मिळतं. कापूस विकून पैसे देईन असा तोंडी वायदा विक्रेत्याशी करू नका. भाव पडला तर दोघांचाही संबंध बिघडतो.

मंजूर भाराचं काय, हा प्रश्न हमखास येतो. गावातल्या बऱ्याच घरांचा भार अर्धा किंवा एक किलोवॅटच असतो. २०२४ मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत बदल झाला. त्यानुसार १० किलोवॅटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरला जातो आणि लागेल तेवढा भार वीज कंपनीच वाढवते. ५ किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी वीजजाळं मजबूत करायचं झालं तर तो खर्चही कंपनीचा आहे. "डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) लहान आहे, त्याचे वेगळे द्या" असं कोणी तोंडी म्हटलं तर लेखी मागा.

६. विक्रेता निवडताना

संकेतस्थळावर नोंदवलेला विक्रेताच घ्यावा लागतो. तीन जणांकडून लेखी भाव घ्या. भावाच्या कागदावर हे सगळं असलंच पाहिजे: पॅनेलची कंपनी, वॅट आणि संख्या, पॅनेल देशी बनावटीच्या डीसीआर प्रकारचं असल्याचा उल्लेख, सोलर इन्व्हर्टरची (पॅनेलची डीसी वीज घरात लागणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राची) कंपनी, लोखंडी सांगाडा गॅल्व्हनाइज्ड आहे का, वायरची जाडी, तीन अर्थिंग आणि पाच वर्षांची देखभाल. डीसीआर पॅनेल नसलं तर अनुदान मिळत नाही, त्यामुळे स्वस्त परदेशी पॅनेलच्या मोहात पडू नका.

आणि हा प्रश्न तोंडावर विचारा: "लाईन गेल्यावर सोलर चालेल का?" साधं, ग्रिडला जोडलेलं सोलर लाईन गेली की आपोआप बंद होतं. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरातून झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. शेजारच्या काकाजींना हे कोणी सांगितलं नव्हतं. भर उन्हात पंखा बंद पडला तेव्हा ते माझ्याकडे आले, "वर एवढं ऊन अन् खाली पंखा बंद, फसवलं का रे मले?" फसवलं नव्हतं, सांगितलं नव्हतं एवढंच. बॅटरीसह हायब्रिड घेता येतं, पण बॅटरीला अनुदान नाही. घरी जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तीच ठेवा. दोन पंखे आणि दिवे त्यावर घ्या, एवढ्याने गावात भागतं.

७. काम चालू असेल त्या दिवशी शेतात जाऊ नका

दिवसभर समोर उभे राहा. मला पहिल्या दिवशी शेतात जावं लागलं आणि संध्याकाळी पाहिलं तर अर्थिंगचा खड्डा जेमतेम दोन फुटांचा. दुसऱ्या दिवशी भांडून नवीन खोदून घेतला.

अर्थिंग तीन वेगळी लागतात: पॅनेल-सांगाड्याचं, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचं आणि विजेपासून संरक्षण करणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरचं. आपल्या काळ्या मातीत याचं महत्त्व दुप्पट आहे. ती उन्हाळ्यात वाळून हातभर भेगाळते आणि रॉडपासून सुटते, मग अर्थिंग नावालाच उरतं. रॉड खोल, ओलाव्यापर्यंत गेला पाहिजे. खड्ड्यात रसायनाचं मिश्रण भरून वर झाकण ठेवून घ्या, म्हणजे उन्हाळ्यात पाणी टाकता येईल. रोहिणी-मृगाच्या पहिल्या पावसात आपल्या भागात विजा किती पडतात हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

पॅनेल आणि स्लॅब यांच्यात हवा खेळायला जागा ठेवा. त्याने पॅनेल कमी तापतं आणि झाडूही फिरतो. खालचा स्लॅब सावलीत येतो, ती खोली थंड राहते, हा वरचा फायदा.

व्होल्टेजची गोष्ट गावात फार जाचक आहे. घर डीपीपासून लांब असेल आणि मीटरपर्यंतची वायर बारीक असेल तर दुपारी सोलरची वीज बाहेर जाताना घरातलं व्होल्टेज चढतं. ते मर्यादेबाहेर गेलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, नेमका भर उन्हात. सोलर घ्यायच्या आधी चार दिवस मल्टिमीटरने सकाळ, दुपार, संध्याकाळचं व्होल्टेज लिहून ठेवा आणि तो कागद विक्रेत्याला दाखवा. इन्व्हर्टर ते मीटर ही वायर जाड घ्या. तिथे हजार रुपये वाचवले तर पुढे रोज वीज गमवाल.

८. नेट मीटर आणि पहिलं बिल

काम झाल्यावर फोटो आणि कागद संकेतस्थळावर चढतात, लाईनवरून घेतलेली आणि लाईनला दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर लागतो, तपासणी होते, मग अनुदानासाठी बँक तपशील भरायचा. तो तपशील तुमच्या समोर भरून घ्या.

बिलात घेतलेली युनिट, दिलेली युनिट आणि शिल्लक अशा तीन गोष्टी बघा. बिल शून्य येईल अशी अपेक्षा ठेवू नका, स्थिर आकार भरावाच लागतो.

शिल्लक युनिटांचा हिशेब ३१ मार्चला मिटतो. त्यानंतर ती युनिट म्हणून पुढे जात नाहीत आणि त्यांचा जो मोबदला मिळतो तो आपण विजेला देतो त्यापेक्षा कमी असतो. म्हणजे हिवाळ्यात साठवलेली वीज मे महिन्यातल्या कूलरला वापरता येत नाही. विदर्भाला हा नियम विशेष नडतो, कारण आपला खरा खर्च एप्रिलपासूनच सुरू होतो. म्हणून मे महिन्याचं बिल पूर्ण फिटेल एवढं मोठं सोलर घेऊ नका. वर्षाच्या बेरजेएवढं घ्या आणि मे-जूनमध्ये थोडं बिल भरायची तयारी ठेवा.

९. धुणं आणि पाणी

कापसाच्या हंगामात धूळ, उन्हाळ्यात वावटळ. पंधरा दिवसांतून एकदा पॅनेल धुवा, सूर्य उगवायच्या आधी. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकलं तर ती तडकू शकते. मऊ कापड किंवा लांब दांड्याचा मॉप घ्या, साबण-पावडर नको. गारपिटीनंतर प्रत्येक काच जवळून पाहा, तडा दिसला तर हात न लावता विक्रेत्याला बोलवा.

बोअरचं पाणी जड असेल तर ते काचेवर वाळून पांढरे डाग धरतात आणि ते पुढे घासूनही जात नाहीत. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी तर बोअरचं पाणी पॅनेलवर टाकूच नये. नळाचं पाणी घ्या, नाहीतर पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवा. २ किलोवॅटला एका वेळी दोन बादल्या पुरतात.